डाव्या हाताची गाठ

आंबोन, ७ फेब्रुवारी २०१६

एलिफास मामा,

अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालणार असाल तर जरा थांबा, आधी सारलोता मामीला वाचून दाखवा. तिच्या गुडघ्यांची चौकशी यात आहे आणि ती तिला पोचायला हवी. शाई फासलेली दिसतेच आहे. डावऱ्या माणसाने शाईच्या पेनाने लिहू नये हे मला शाळेपासून कळतं, पण वळत नाही.

तीन वर्षं लिहिलं नाही, कारण कामात होते. हे खरं नाही, पण पत्र कुठून तरी सुरू करावं लागतं.

पत्र बोनेफासच्या हाती देते आहे. तो अजून सौमलाकीच्या बोटीवर भात शिजवतो आणि अजून सगळ्या गावाच्या बातम्या त्याच्याजवळ असतात. त्याने सांगितलं की तुम्ही आता गावात राहत नाही, वरच्या मळ्यातल्या झोपडीत राहता. का ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एका कामासाठी लिहिते आहे. मी पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. ते दुकान शेजारी आहे. मी मेल्की साहेबांच्या शेडमध्ये आहे, म्हणजे होते, आणि शेड अजगरांची आहे. जानेवारीत तिथे सरकारी माणसं आली, कुलूप घातलं, साहेबांना घेऊन गेली. एकतीस अजगर मिळाले. त्यांच्या प्रत्येकाच्या कागदावर लिहिलं आहे की हा याच शेडमध्ये अंड्यातून निघाला. ते कुणी लिहिलं हा मुद्दा वेगळा.

आता हस्निदार नावाची एक जनावरांची डॉक्टरीण मकासरहून आली आहे. शांत बाई आहे, ओरडत नाही, त्यामुळे तिच्यापुढे बसणं जास्त अवघड जातं. ती म्हणते, हे सगळे एका कुळातले, भाऊबंद म्हणा, पण प्रत्येकाचं बेट वेगळं. लालसर डोळ्यांचे ते हालमाहेराचे. आडव्या हाडाचे, पिवळे, ते सेरामचे. आणि सडपातळ, लहान चणीचे ते आपल्याकडचे, जे आपल्या बेटांखेरीज जगात कुठेही नाहीत. मोठे झालेले ओळखू येतात, पण शेडमध्ये अर्धवट वाढलेले आहेत, आजारी आहेत, रंग उडालेले आहेत. चुकून दुसऱ्याच्या बेटावर सोडला तर तो तिथला होणार नाही आणि तिथल्यांना रोग मात्र देईल. म्हणून ती विचारते, कोण कुठला.

तुम्ही रानाचे राखणदार. आपला कसा ओळखायचा ते दोन ओळीत कळवा. लहानपणी तुम्ही मला काहीतरी दाखवलं होतं. आता नीट आठवत नाही.

तुमची भाची,
याकोमिना

आंबोन, २८ फेब्रुवारी

मामा,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. बोनेफास म्हणाला, पत्र मामीच्या हातात दिलं, तिने पदराला हात पुसून मग ते घेतलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मला आठवत नाही. मला चांगलं आठवतं. मी नऊ वर्षांची होते, चुनखडीच्या दगडावर एक ऊन खात पडला होता, आणि तुम्ही माझं बोट धरून लांबूनच दाखवलंत की बघ, मान कशी मनगटाएवढी बारीक, आणि अंगावर राख चोळून वर हळद शिंपडल्यासारखी. हात लावायचा नाही म्हणालात. तो पाणी राखत बसलेला आहे, आपण त्याच्याकडे पाहुणे.

शेडमध्ये आपले चार आहेत. सहा होते. एक पहिल्याच पावसाळ्यात तोंड येऊन मेला. एक परदेशात गेला, कुठल्या देशात ते मला माहीत आहे पण सांगून काय उपयोग. मी हे हस्निदारबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न येणार: तुला कसं माहीत?

मेल्की साहेबांची माणसं बेटाबेटांवर फिरतात. त्यातलीच कोणी तरी आपल्या रानात घुसली असतील.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले. ते खोडत नाही. किती सराईतपणे लिहिते ते तुम्हालाही दिसू दे. शेडमध्ये तीन वर्षं मी हेच केलं. जन्म कुठला: आंबोन. आई कोण: शेडमधली. तारीख: काहीतरी. एकतीस जणांचं जन्मगाव मी पंख्याखाली बसून बदललं. ते कागद माझ्या अक्षरात आहेत, शाई फासलेली.

कोमी

आंबोन, ३ एप्रिल

मामा,

मामीने बोनेफासजवळ निरोप पाठवला. तो त्याने मला धक्क्यावर उभं राहून, भाताचा झारा हातात धरून सांगितला. म्हणाली, मामा पत्रं वाचत नाही, पण जाळतही नाही. आढ्याला खोचून ठेवतो. आणि म्हणाली, तुला कळायला हवं की तुझ्या मामाला गावाने राखणदारीवरून कशावरून काढलं.

मला वाटत होतं, तुमचं लक्ष नव्हतं म्हणून काढलं असेल. म्हातारा झाला, डुलकी लागली, चोर येऊन गेले. असं म्हणून मी तीन वर्षं जेवत होते. खरी गोष्ट मला आता कळली: कोरड्या दिवसांच्या सुरुवातीला सासी, रानावरची बंदी, उघडायला सगळं गाव रानाशी गेलं तेव्हा सहाही बिळं रिकामी होती आणि आंबोनच्या गिरणीचा शिक्का असलेली पिठाची पिशवी झुडपात पडली होती. पण वाटेवरच्या खांबाला बंदीची झावळी जशीच्या तशी होती. तुटलेली नाही, कापलेली नाही, राखणदाराच्या गाठीने बांधलेली. ती गाठ गावात एकालाच येते. तेव्हा गावात सगळ्यांत वडील असलेल्या तितुस आजोबांनी सगळ्यांदेखत विचारलं की एलिफास, तूच उघडून दिलंस का शहरातल्या लोकांना, आणि तुम्ही खाली बघत राहिलात.

मामा, ती गाठ दोघांना येते. मला तुम्हीच शिकवलीत, होडीच्या काठावर बसून, आईने शंभरदा नको म्हटलं तरी.

आता लिहिते. हात थांबवला तर परत भांडी घासायला उठेन.

मी तेव्हा शेडमध्ये पिंजरे झाडत होते. मेल्की साहेब रोज चिडवायचे की हालमाहेराचे आले, सेरामचे आले, तुझ्या बेटावर नुसती रताळीच पिकतात वाटतं. बाकीचे हसायचे. एक दिवस मी म्हणून गेले की आमच्याकडे आहेत, आमच्या मामाच्या रानात आहेत, तुम्ही असले पाहिलेही नसतील. सगळे गप्प झाले. मला किती बरं वाटलं ते सांगताना आज जीभ रेटत नाही. कोणी धमकावलं नाही, घरी उपासमार नव्हती. मला फक्त त्या झाडूच्या जागेवरून उठायचं होतं. मेल्की साहेबांनी विचारलं, आणशील? त्यांच्या मागे एक खुर्ची होती, वर पंखा होता.

आईच्या कबरीवर क्रूस उभा करायला आले होते ना मी, तेव्हाच. तुम्ही सिमेंट कालवत होतात. मामी पाहुण्यांसाठी मासे भाजत होती. भर दुपारी, सगळे कबरीशी असताना मी रानात गेले. मनात म्हणत होते, भाचीने मामाच्या घरातून काही उचललं तर आपल्याकडे त्याला कोणी चोरी म्हणत नाही. लहानपणी तुमची सुरी उचलायचे, मामीच्या मडक्यातलं कालवण संपवायचे, कोणी काही बोललं नाही. तेच हे, असं म्हणत होते. रान तुमच्या घरात मोडत नाही, तुम्ही तिथे फक्त राखणदार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

झावळी सोडली, आत गेले. ते पळालेही नाहीत, मामा. ऊन खात पडलेले. त्यांना माणसाने कधी हात लावलेलाच नव्हता.

बाहेर आले तर झावळी मोकळी. तशी टाकून येणं बरं दिसेना. मग पिशव्या खाली ठेवून मी ती नीट, तुम्ही शिकवली तशी, पूर्वजांची नावं घेऊन परत बांधली. चोरी करताना मी रीत पाळली. आडदांडासारखी ती तोडून निघून गेले असते तर गावाने चोर शोधला असता. मी सभ्यपणा दाखवला आणि तुम्ही चोर ठरलात.

पिशव्या मी मामीने विणून दिलेल्या कापडाखाली ठेवून बोटीवर आणल्या. धक्क्यावर तिने मला मिठी मारली तेव्हा त्या पायाशीच होत्या. हे तिला वाचून दाखवू नका. नाही, दाखवा.

एक गोष्ट मात्र कळत नाही. मी डावरी, माझी गाठ उलटी पडते. तुम्ही चेष्टाही करायचा की पोरी, तुझ्या गाठीने पूर्वज पाठमोरे होतील. मग ती बघून तुम्हाला कळलं असणारच. तुम्ही का बोलला नाहीत? आणि एवढ्या गावात कुणालाच कसं दिसलं नाही?

काल हस्निदारबाईंना सगळं सांगितलं. सही केली. एकतीसच्या एकतीस कुठले तेही लिहून दिलं; ते मला पाठ आहेत. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, गावात तोंड दाखवू शकशील? अजगरांच्या तपासण्या झाल्या की जूनमध्ये आपले चार घेऊन त्या येणार आहेत आणि मला बरोबर यायचं आहे. मी हो म्हटलं. ती झावळी तितुस आजोबांनी काढून ठेवली आहे असं मामी म्हणते. मी सगळ्यांपुढे डाव्या हाताने गाठ बांधून दाखवीन, दोन्ही शेजारी ठेवीन, म्हणजे तुमच्यावरचा डाग जाईल. मग माझं काय व्हायचं ते होवो.

कोमी

गावातून, १६ जून, गुरुवार

मामा,

मी इथे आहे. तुमच्यापासून डोंगराच्या एका चढावर. वर यायची हिंमत नाही, म्हणून मामी हे पत्र घेऊन तिच्या त्या गुडघ्यांनी चढून येते आहे. तिला आधी बसवा.

काल वडील मंडळी जमली. मी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग कोवळी झावळी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत गाठ बांधली. तितुस आजोबांनी बिस्किटांच्या डब्यातून ती जुनी काढली. वाळून काथ्यासारखी झाली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या.

जुनी गाठ उजवी आहे, मामा.

मी ती तीनदा फिरवून बघितली. उजवीच. तितुस आजोबा असे हसले की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं वेडे," म्हणाले, "मामाला सोडवायला स्वतःचं नाव घालतेस होय?" मी म्हटलं नाही, मीच नेले. तर म्हणाले, "मार्थाची पोर शोभतेस." बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं, मानाचं. मामा, त्यांनी माझं कौतुक केलं. मी ओरडून सांगत होते आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. आयुष्यात इतकी लाज मला पोलिसांपुढेही वाटली नाही. ते डोकं मी खाल्लं, कारण न खाणं आणखी वाईट दिसलं असतं.

रात्रभर विचार केला आणि पहाटे उमगलं. सासी उघडायच्या आदल्या दिवशी राखणदार एकटा जाऊन खांब बघून येतो. तुम्ही गेलात, माझी गाठ बघितलीत, सोडलीत, आणि आपल्या हाताने पुन्हा बांधलीत. दुसऱ्या दिवशी गावाने जी बघितली ती तुमचीच होती. म्हणून तुम्ही नाही म्हटलं नाहीत. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प राहता येतं.

आणि मी पंख्याखाली बसले होते.

आता ऐका. चार पेट्या शाळेच्या खोलीत आहेत. हस्निदारबाई त्यांच्याजवळ बसून असतात. परवा, शनिवारी बोट परत जाते. तुम्हाला काढल्यापासून गावाला राखणदार नाही. झावळी डब्यात गेली तरी सासी तीन वर्षं तशीच लागलेली आहे, कुणी उघडायला धजत नाही, आणि तुमच्या हातून उघडायला तितुस आजोबा तयार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही अजून दोषी आहात. शनिवारपर्यंत रान उघडलं नाही तर पेट्या आंबोनला परत जाणार आणि तिथून कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयात. मग ते परत येणार नाहीत. दाराशी येऊन परत गेले असं होईल.

माझ्या शब्दाला इथे किंमत नाही, कारण तुम्ही पुरावा पुसून ठेवलात. तुम्हीच तो परत आणू शकता. तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही, नेहमी उचललंच. आज मागते. खाली या आणि माझ्याविरुद्ध बोला.

कोमी

आंबोन, ३० जुलै

मामा,

खटला ऑगस्टमध्ये आहे. हस्निदारबाई म्हणतात, आपणहून सांगितल्याचा थोडा उपयोग होईल. होवो न होवो. मेल्की साहेबांच्या वकिलाने मला कृतघ्न म्हटलं. खुर्ची दिली होती ना.

त्या दिवशी तुमच्याशी एक वाक्यही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात. पण मला कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

शुक्रवारी दुपारी तुम्ही अनवाणी, कोयता कमरेला, शाळेच्या अंगणात येऊन उभे राहिलात आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. केस सगळे पांढरे. मामा, एवढे तीन वर्षांत होत नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तितुस आजोबांकडून डबा घेतलात, हस्निदारबाईंच्या भांड्यातलं प्यायचं पाणी झावळीवर ओतलंत आणि वाट बघत बसलात. सगळं गाव वाट बघत बसलं. पान मऊ झालं तशी तुम्ही गाठ सोडलीत आणि पान उन्हात धरलंत.

त्यावर दोन वळ्या होत्या. एक उजवीकडे जाणारी, वरची. आणि तिच्याखाली एक जुनी, खोल, डावीकडे गेलेली.

"वरची माझी," तुम्ही म्हणालात. "खालची हिची. ही खरं बोलते आहे."

तितुस आजोबांचा आवाज चढला, मग तेव्हा का बोलला नाहीस, गावाला तीन वर्षं खोट्यात ठेवलंस.

"बहिणीच्या कबरीवरचं सिमेंट वाळलं नव्हतं अजून," एवढंच म्हणालात.

ज्या बायकांनी बुधवारी डोळे पुसले होते त्यांनी माझ्याकडे पाठ केली. तेव्हा कुठे मला जरा श्वास घेता आला.

शिक्षा काय द्यायची ते तितुस आजोबांनी तुमच्यावर सोपवलं, आईचा भाऊ म्हणून. तुम्ही एक पेटी उचललीत आणि चालू लागलात. मग आम्ही बाकीच्या उचलल्या. तुम्ही खांबाशी नावं घेतलीत, सासी उघडलीत. तीन तर पेटी उघडताच दगडात गेले, जणू कालच बाहेर पडले होते. चौथा निघेना. शेडमध्येही तो तसाच होता, कोपऱ्यात तोंड घालून बसणारा. तुम्ही पेटी आडवी केलीत आणि बाजूला बसून राहिलात, आणि ऊन कलल्यावर तोही गेला. दोन बिळं रिकामी राहिली. त्यांच्यापुढे तुम्ही जास्त वेळ उभे होतात.

परत खांबाशी आल्यावर तुम्ही नवी झावळी माझ्यापुढे धरलीत.

"बांध."

सगळं गाव मागे उभं. मी पान उजव्या हातात घेतलं, म्हटलं निदान गाठ तरी सरळ पडू दे. तुम्ही माझ्याकडे त्या दिवसात पहिल्यांदाच बघितलंत.

"तुझ्या हाताने."

मी डाव्या हाताने बांधली. पाणवठ्याची वाट तिथूनच जाते. बोनेफास सांगतो, हंडे घेऊन जाणाऱ्या बायका पोरींना थांबवून ती उलटी गाठ दाखवतात आणि माझं नाव घेऊन काय ते सांगतात. सांगू देत. झावळी वाळेल, तुम्ही नवी लावाल, पण तोवर ती तिथे आहे, आणि मी कोण हे वाचायला कुणाला माझ्या कागदांची गरज नाही.

सगळे उतरले तेव्हा मी वळणावर थांबले होते, ते तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही खांबाशी एकटेच मागे राहिला होतात. तुम्ही गाठीवर हात ठेवलात, तेव्हा वाटलं, सोडणार आणि परत आपल्या हाताने बांधणार. तुम्ही ती एकदा ओढून बघितलीत, घट्ट आहे का म्हणून. मग तशीच ठेवून खाली आलात.

कोमी